शर्यत जानेवारीत, मग मे महिन्यात कशासाठी धावता?

"तुमची मुंबईची शर्यत तर जानेवारीत असते ना, मग या रणरणत्या उन्हाळ्यात कशासाठी एवढा घाम गाळता?" हा प्रश्न मला दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत हमखास विचारला जातो. शेजारच्या काकू विचारतात, दूधवाले विचारतात आणि नव्याने धावायला लागलेल्या मैत्रिणी तर फार मनापासून विचारतात. कारण त्यांच्याकडे सोळा आठवड्यांचे तयार वेळापत्रक असते आणि ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला हाती घेतले तरी शर्यतीपर्यंत पुरते. हिशेब म्हणून त्यांचे बरोबर आहे. तरीही यंदा मुंबई मॅरेथॉनमध्ये साडेतीन तासांच्या आतली जी वेळ मला चाळिशीनंतर पहिल्यांदा साधली, ती मुख्यतः मे ते ऑगस्ट या महिन्यांतल्या संथ धावण्याची कमाई आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते का, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. सपाट रस्त्यावर धावताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते, म्हणजे माझ्या ५२ किलो वजनाला संपूर्ण शर्यतीसाठी २२०० कॅलरींच्या आसपास लागतात. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर माझ्या शरीरयष्टीत चारशे ग्रॅमच्या जवळपास धरली, तर तिच्यातून १६०० कॅलरी मिळतात आणि त्यातलीही सगळी पायांच्या वाट्याला येत नाही. तिसाव्या किलोमीटरनंतर 'भिंत लागते' असे धावणारे म्हणतात, त्यामागे मुख्यतः ही तूट असते. वाटेत साखरेच्या दाट पाकासारखी जेल, खजूर, साखरपाणी घेऊन ती थोडी भरून निघते. पण खरा उपाय एकच, की शर्यतीच्या वेगातही शरीराने चरबीतून जास्त ऊर्जा काढायला शिकावे. त्यासाठी स्नायूंतल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढावी लागते, स्नायूंभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट व्हावे लागते आणि हृदयाने एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलावे लागते. हे बदल गप्पा मारत धावता येईल अशा वेगातही उत्तम होतात, मात्र त्यांना महिने लागतात.

पायांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, आणि हाडे तर याहूनही सावकाश बदलतात. नियमित धावायला लागले की पाच-सहा आठवड्यांत दम पुरू लागतो आणि माणसाला वाटते, आता वेग वाढवायला हरकत नाही; पण टाचेमागच्या जाड कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ती वाढत्या भाराशी जुळवून घेते ती आपल्या गतीने. ऑक्टोबरमध्ये सुरुवात करणाऱ्यांपैकी कितीतरी जण डिसेंबरमध्ये नडगी धरून बसलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या जिद्दीत काहीच उणे नव्हते, त्यांच्या पायांना वेळ मिळाला नव्हता एवढेच.

आता उन्हाळ्याविषयी. साताऱ्यात मे महिन्यात पहाटे पाचला बाहेर पडले तरी अर्ध्या तासात बनियन अंगाला चिकटते. उष्णतेत रक्ताला दोन कामे एकदम करावी लागतात, स्नायूंना प्राणवायू पोहोचवायचा आणि त्वचेकडे जाऊन अंग थंड ठेवायचे. म्हणून थंडीत ज्या वेगाला माझे ठोके १४० असतात, त्याच वेगाला मे महिन्यात ते दीडशेच्या पुढे जातात. पण उष्णतेत दहा ते चौदा दिवस सातत्याने व्यायाम केला की रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी वाहून जाते. हा फायदा कायमचा टिकत नाही, काही आठवडे सवय मोडली की तो ओसरतो, त्यामुळे मे महिन्यातली उष्णतेची सवय जानेवारीपर्यंत पुरते असा दावा मी करणार नाही. मला उन्हाळा वेगळ्या कारणासाठी मोलाचा वाटतो: त्या दिवसांत घड्याळाच्या मागे लागून धावताच येत नाही. शर्यतीत किलोमीटरला पाच मिनिटांच्या आत धावणारी मी मे महिन्यात साडेसहा-सात मिनिटांनी धावते, श्वास ऐकत धावते आणि त्यामुळे श्रम नेमके किती चालले आहेत हे घड्याळ न पाहता ओळखायला शिकते. घरी आल्यावर कोकम सरबतात चिमूटभर मीठ जास्त घालावे, एवढे मात्र विसरू नये.

जून लागला की मी यवतेश्वरच्या घाटात जाते, आणि वर्षातला माझा सर्वांत आवडता काळ सुरू होतो. २०१२ पासून साताऱ्याची हिल अर्धमॅरेथॉन याच घाटात भरते, अर्धे अंतर चढायचे आणि त्याच रस्त्याने उतरायचे. पावसाळ्यात डोंगराकडची कडा शेवाळाने निसरडी होते, वळणावळणांवर पाणी रस्ता ओलांडून दरीकडे जाते, ढग इतके खाली येतात की समोरून उतरणारी दुधाची मोटारसायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते. चढावर वेग कमी असूनही मांड्या आणि पोटऱ्या पूर्ण ताकदीने काम करतात, आणि पाऊल सपाटीपेक्षा हलके आपटते. उताराचे काम वेगळे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराला आवरतात आणि त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते; पहिल्या उताराच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. पण तोच उतार दोन आठवड्यांनी पुन्हा धावला तर दुखणे निम्म्यावर येते, कारण एकदा सोसलेल्या भारापासून स्नायू पुढचे काही आठवडे स्वतःला वाचवू शकतात. म्हणून मी उतार टाळत नाही, फक्त थोड्या अंतरापासून सुरू करते. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत ते निम्मेशिम्मे वाळतात, आणि निम्मेशिम्मे वाळलेले बूट घाटात पुरेसे असतात.

आधी महिनोन्महिने पाया, मग चढ आणि शेवटी वेग, ही शिकवण न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांची. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवली, पीटर स्नेल यांनी ८०० मीटरमध्ये आणि मरे हाल्बर्ग यांनी ५००० मीटरमध्ये. ८०० मीटरच्या धावपटूकडूनही लिडियर्ड डोंगरातली पस्तीस किलोमीटरची फेरी धावून घेत असत, हे त्या काळी अनेकांना विचित्र वाटले होते. पण एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत पहिल्या आल्या, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पोहोचून तिथे दहाव्या आल्या. बेचाळीस किलोमीटरसाठी बांधलेल्या पायावर तीन किलोमीटरचा वेग उभा राहिला, असे मी त्या कामगिरीकडे पाहते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पूर्ण केली आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले. ज्या माणदेशात आणि आष्टीकडच्या भागात पावसाची वाट पाहण्यात वर्षे जातात, तिथून ही माणसे आली, याचा मला धावणारी म्हणून फार अभिमान वाटतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळाबद्दल मी फार सांगत नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो: आठवड्यात एक टेम्पो (सलग वेगात धावणे), एक इंटरव्हल (मध्ये विसावा घेत तुकड्या-तुकड्यांत जोरात धावणे), रविवारी लाँग रन, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर (धावणे कमी करत नेणे). एकच गोष्ट बायकांसाठी आवर्जून सांगते. या काळात विनाकारण थकवा राहू लागला, चढावर पूर्वीपेक्षा लवकर धाप लागू लागली, तर जास्त मेहनत करण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो, आणि लांब अंतर धावणाऱ्या स्त्रियांमध्ये हे सर्रास आढळते.

आणि मग मुंबई. पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून अंधारात निघते. पेडर रोडची चढण पहिल्यांदा लागते तेव्हा पाय ताजे असतात आणि ती जाणवतही नाही. सी लिंक ओलांडून, माहीम-वरळी करून परत येताना तीच चढण पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पुन्हा समोर येते, आणि तोपर्यंत ऊन वर आलेले असते. हवेत दमटपणा असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता वाहतो. यंदा त्या चढणीवर माझ्या आजूबाजूचे बरेच जण चालू लागले होते. मी घड्याळ पाहिले नाही. श्वास घाटातल्या श्वासासारखा दोन पावलांना एक लागला, पावले आखूड झाली, आणि वेग किलोमीटरला जेमतेम दहा सेकंदांनी उतरला. उतारावर मांड्या धरल्या नाहीत. मरीन ड्राइव्हला मी वेग पुन्हा पकडला. हे शेवटचे सात किलोमीटर डिसेंबरमधल्या कोणत्याही इंटरव्हलने मला दिले असते असे वाटत नाही. डिसेंबरने मला पहिल्या तीस किलोमीटरचा वेग दिला, तो टिकवणारे शरीर त्याआधीच तयार झाले होते.

फेब्रुवारीत मी जवळजवळ धावत नाही. चालते, पोहते, झोपते. मार्चमध्ये हळूहळू सुरुवात होते आणि मग मे येतो, आणि काकू पुन्हा विचारतात.

ज्या मैत्रिणी खरोखर पुढच्या जानेवारीत उभे राहायचे म्हणून विचारतात, त्यांना माझे सांगणे इतकेच, की ऑक्टोबरची वाट पाहू नका. आत्ता आठवड्यातून चार दिवस अर्धा तास बाहेर पडा, पाच मिनिटे धावा, दोन मिनिटे चाला, आणि धावताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का ते पाहा. येत नसेल तर वेग कमी करा. पहिला महिना वेगाची नोंदही ठेवू नका. मी पहाटे पाचला साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून निघते आणि मे महिन्यात माझा वेग कोणालाही सोबत येता येईल इतका असतो.