मोरचूद का टाकलं नाही?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं कृषी केंद्र आहे आणि दुकानामागेच घर. गिऱ्हाईक बियाणं-खतं घ्यायला येतं, चहाच्या निमित्ताने बैठकीत येऊन टेकतं आणि समोर चार फुटी काचेची टाकी बघत बसतं. खारं पाणी, दगडांची कपार, दोन केशरी-पांढरे क्लाउनफिश, झोएंथस नावाच्या मऊ, फुलासारख्या समुद्री जीवांचे हिरवे-जांभळे गुच्छ. हीच टाकी दोन वर्षांपूर्वी हिरव्या केसांनी गच्च भरलेली ज्यांनी पाहिली आहे, ते आता हमखास विचारतात, "आप्पा, शेवाय कसं गयं? काय टाकं?"

निम्म्या लोकांच्या खिशात उत्तरही तयार असतं. मोरचूद. शेततळ्याला शेवाळ धरलं की मोरचुदाची पुरचुंडी बांधून पाण्यात फिरवायची, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय मी ते विकतो. "दुकानमा पोतं भरेल शे, मंग का नही टाकं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण उत्तर एका ओळीचं नाही. चहा पुन्हा मागवावा लागेल.

मोरचुदाचं आधी उरकून टाकू. मोरचूद म्हणजे तांबं. गोड्या पाण्यातल्या शेवाळाला ते मारतं हे खरं, पण समुद्री गोगलगाय, कोळंबी, पोवळी, पाठीला कणा नसलेलं जवळजवळ सगळंच त्याच्या अगदी थोड्या मात्रेनेही मरतं. समुद्री माशांच्या काही रोगांवर तांब्याचं औषध देतातही, पण मासा वेगळ्या टाकीत काढून. तांबं एकदा दगडा-वाळूत शिरलं की पाणी बदललं तरी हळूहळू झिरपत राहतं. आणि समजा काहीही न मरता नुसतं शेवाळ मेलं, तरी ते कुजणार कुठे? त्याच पाण्यात. धैंचा गाडल्यावर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. हिरवळीचं खत होतं, आणि पुढचं पीक जोमाने येतं.

आता मूळ गोष्ट. शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासून हे खूळ डोक्यात. चाळिशी उलटल्यावर पैसे जमले आणि संक्रांतीनंतर टाकी मांडली. निव्वळ पाणी २०० लिटर. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने सात किलो समुद्री मीठ. दगड घेतले ते कोरडे, सच्छिद्र. समुद्रातलं प्रवाळ उचलून आणणं आपल्याकडे गुन्हा आहे. भित्ती बांधणारी सगळी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडा दगड कायद्याला धरून, पण त्यावर जीव नसतो. ती नवी मोडलेली जमीन. आणि नव्या जमिनीवर आधी काय उगवतं? तणच.

पहिले सहा आठवडे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसण्यात गेले. मग वाळूवर तपकिरी पूड साचली. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. पाण्यातली सिलिका संपली की बहुधा आपोआप जातात. माझेही महिन्याभरात विरळ झाले. म्हटलं, जमलं आपल्याला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिरवे केस आले. आधी एका दगडाच्या टोकावर, मिसरूड फुटावं तसे. पंधरा दिवसांत बोटभर लांब, सगळीकडे. माय रोज सकाळी टाकीसमोर उभी राहून म्हणायची, "भाऊ, हाऊ समुद्र शे का डबकं?"

इथे मी मूर्खपणा केला, आणि तो खतवाल्याने करावा याची मला आजही लाज वाटते. खतं विकून घर चालवणाऱ्या माणसाने आधी विचारायला हवं होतं की या पिकाला खत मिळतंय कुठून. मी मात्र औषध शोधत बसलो. ज्या शहरातल्या दुकानातून मासे आले होते, त्या दुकानदाराने फोनवर एक बाटली विकली. दुसरी विकली. नायट्रेट तपासलं तर शून्य. मग मी म्हणायचो, पाणी तर स्वच्छ आहे! तणाने माजलेल्या वावरातली माती तपासून नत्र कमी निघालं म्हणून कोणी त्याला नापीक म्हणतं का? नत्र तणाच्या पोटात असतं. शेवाळाचंही तेच. किटला काही सापडायच्या आधीच ते खाऊन बसलेलं असतं.

सुगावा लागला तो टेबलफॅनमुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि पोवळ्यांना पाणी हवं २५-२६ अंशांचं. पाणी गार करणारा चिलर घेतला होता, पण एकट्या चिलरला आपला उन्हाळा झेपेना, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर फॅनही सोडला. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं, आपल्या डेझर्ट कूलरसारखंच. दिवसाला पाच लिटर पाणी उडायचं. मीठ उडत नाही, म्हणून तेवढं गोडं पाणी रोज वरून घालायचं. मी घरच्या पिण्याच्या आरओचं घालत होतो. बोअरचं पाणी, आरओतून आलेलं, चवीला गोड. आता घरगुती आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका रविवारी सहज त्या पाण्याचंच नायट्रेट तपासलं. लिटरला १० मिलिग्रॅम.

पिणाऱ्याला त्याचं काही नाही. पण हिशेब करा. दिवसाला पाच लिटर म्हणजे महिन्याला १५० लिटर, त्यातून दीड ग्रॅम नायट्रेट. पाणी उडून जातं, नायट्रेट मागे राहतं. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर १३:००:४५ चे, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट खताचे, अडीच-एक ग्रॅम दर महिन्याला मी टाकीला ड्रिपने सोडत होतो. काळ्या पाषाणातून झिरपलेली सिलिका वेगळीच.

आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट आलं कुठून? आमच्या घरामागे केळीचे बाग आहेत. केळीला नत्र लागतं, शेतकरी युरिया देतो, जरा सढळ हातानेच देतो, पिकाला नको असलेलं पाण्याबरोबर खाली उतरतं. तो युरिया कोणी विकला? मीच. बिलबुकात सगळं लिहिलेलं आहे. बायकोला हे सांगितलं तर ती इतकी हसली की पोळी करपली. "अहो, तुमचंच खत तुमच्या घरी पोचलं की!"

मग उरलेसुरले क्षारही धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा असलेला वेगळा आरओ बसवला. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय थेंब घालायचा नाही. माशांचं गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन द्यायला लागलो, कारण त्याच्या रसात फॉस्फेट असतं. दिवे बारा तासांवरून आठवर आणले. या गोष्टी एका दिवसात झाल्या. वेळखाऊ होती ती निंदणी.

हो, निंदणीच. तिला दुसरा पर्याय मला सापडला नाही. दर रविवारी दुकान बंद, शर्टाच्या बाह्या वर, एका हातात दात घासायचा जुना ब्रश, दुसऱ्या हातात नळी. शेवाळ उपटायचं आणि उपटता उपटताच नळीने बादलीत ओढून घ्यायचं, नाहीतर तुकडे दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतात. पहिल्या रविवारी तांब्याभर निघालं. दुसऱ्या रविवारीही तांब्याभर. माय म्हणाली तुळशीला घाल. खारट आहे म्हणून नको म्हटलं, तर रुसली. गोगलगायी आणल्या होत्या, पण त्या बोटभर लांब केसांना तोंड लावत नाहीत. त्यांना कोवळी, आखूड चराई लागते. म्हणजे आधी माणसाने निंदायचं, मग त्यांनी राखायचं. लोक उलट करतात: पन्नास गोगलगायी सोडतात आणि आरामात बसतात. गोगलगायी उपाशी मरतात, कुजतात, त्याचंही खत होतं.

थोड्याच रविवारांत दगडाचा रंग दिसायला लागला होता. तिथेच थांबायला हवं होतं. पण जून उजाडला, कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानापुढे रांगा लागल्या आणि मला टाकीकडे बघायला फुरसत उरली नाही. आपण लक्ष देत नाही या अपराधी भावनेपोटी मी फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे दुप्पट घालून ठेवले. दोन महिने विसरलो.

श्रावणात कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी घरात. रोट झाले, गाणी झाली, आणि पोरं टाकीपुढे जमली. वाळूवर, दगडांवर तपकिरी शेंबूड लोंबत होता, टोकाटोकाला हवेचे बुडबुडे. पाच गोगलगायी उताण्या. यावेळी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य होती आणि टाकीत हिरवा केस एकही नव्हता, म्हणजे यावेळी ते कोणाच्या पोटातही नव्हतं. खरोखरच संपलं होतं. मी वावर इतकं उपाशी ठेवलं की साधं तणही तगेना, आणि त्या रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव बसले.

खात्रीसाठी ओळखीच्या शिक्षकांकडून शाळेचा सूक्ष्मदर्शक आणला. तिळासारख्या निमुळत्या पेशी एका टोकाला खुंटीला बांधल्यासारख्या गरगर फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस. हे विषारी कूळ आहे. २००५ साली इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर ते माजलं तेव्हा सुमारे २०० माणसांना नुसत्या समुद्रावरच्या हवेने खोकला-तापाचा त्रास झाला होता. त्या दिवसापासून हातमोजे.

यावेळचा उपाय मी कोणाला सांगितला की तो माझ्याकडे संशयाने बघतो. टाकीला खत दिलं. लोहाचे दाणे काढून फेकले आणि प्रयोगशाळेच्या दर्जाचं पोटॅशियम नायट्रेट आणलं. एक ग्रॅम विरघळवून घातलं की २०० लिटरमध्ये नायट्रेट लिटरला तीन मिलिग्रॅमने चढतं. दुकानात त्याचंच पोतं पडलेलं, पण खताच्या दर्जाच्या मालात आणखी काय काय असतं ते मी जाणतो, टाकीसाठी नको. फॉस्फेटसाठी माशांना खाणं वाढवलं. रोज तपासायचं: नायट्रेट पाच ते दहा, फॉस्फेट ०.०५ ते ०.१, शून्य कधीच नाही. ही जात रात्री दगड सोडून पाण्यात तरंगते, म्हणून रात्री पाणी अतिनील दिव्यातून फिरवलं. सगळ्या जाती तसं करत नाहीत, म्हणून आधी सूक्ष्मदर्शक, मग खर्च. आणि नाशिकच्या एका मित्राने त्याच्या सहा वर्षांच्या टाकीतला एक दगड ओल्या कागदात गुंडाळून एसटीने पाठवला. विरजण म्हणा. त्यावरचं जिवाणूंचं आणि किड्यांचं जे काही होतं, ते माझ्या दगडांवर पसरलं. यातल्या कशाने किती काम केलं हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही, पण माझी भिस्त त्या विरजणावर.

दसऱ्यापर्यंत शेंबूड गेला. दिवाळीत थोडे हिरवे केस परत आले, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात दगडांवर जांभळा-गुलाबी चुनखडी थर चढला. तोही एक शेवाळाचाच प्रकार, पण तो बसला की केसांना जागा फारशी उरत नाही. आता मागच्या काचेवरचं हिरवं मी मुद्दाम खरवडत नाही. गोगलगायींना तेवढं लागतं.

परवा लासूरकडचे एक काका लिंबाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावायची म्हणून एक किलो मोरचूद घ्यायला आले. पुडी बांधता बांधता त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा हेच सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बठ्ठं खरं शे आप्पा, पन टाकं काय?" मी पैसे घेतले, आत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात दोनदा धुतले, आणि माशांना खायला घातलं.