दर रविवारी जाता कुठे?

“काका, रविवारी पहाटे गाडी काढून जाता कुठे? आणि नऊला परतही येता, मग गेलात कशाला?” इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला हे विचारतंच. कुणाची झोपमोड झालेली असते, कुणाला खरंच जाणून घ्यायचं असतं, आणि आमच्या व्याह्यांना माझ्या कमरेची काळजी वाटते. आजवर मी “असंच, जाम गेटपर्यंत” एवढंच सांगत आलो. तुम्ही या खेपेला समोर बसवून, चहा देऊन विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

गाडी उभी राहू नये म्हणून जातो.

माझी गाडी म्हणजे येझदी मोटरसायकल, १९७९ सालची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा निघायच्या. गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९७३ पासून तिला येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. २०२२ पासून त्याच नावाची नवी गाडी बाजारात आहे. ती फोर-स्ट्रोक, वेगळी. माझी टू-स्ट्रोक, पेट्रोलच्या लिटरमागे चाळीस मिली ऑइल पिणारी.

मी ती २००३ मध्ये देपालपूर रस्त्यावरच्या एका गावातल्या दूधवाल्याकडून घेतली. चोवीस वर्षं त्यानं तिच्यावरून इंदूरला दूध घातलं. सीटखाली चेसिसला दोन्ही बाजूंनी वेल्डिंगचे जाड ओघळ आहेत. कॅन अडकवायचे हुक तिथे होते. दोन कॅन, एकेक चाळीस लिटरचा. हुक त्यानं स्वतःसाठी काढून ठेवले, ओघळ राहिले. रंग काढताना मिस्त्री ते ग्राइंडरनं घासायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. डाव्या बाजूचा ओघळ उजवीपेक्षा जाड आहे आणि त्याच्याखाली अजून एक जुना ओघळ आहे, म्हणजे तो हुक एकदा तुटून परत लावलेला. अंगठा फिरवला की दोन्ही थर वेगवेगळे लागतात. एवढ्या ओझ्यासकट रोज पहाटे निघालेली ही गाडी आहे, हे मला तिच्या टाकीवरच्या नावापेक्षा या ओघळांतून जास्त कळतं.

पैसे घेताना दूधवाला एकच म्हणाला होता, “साब, इसको खड़ी मत रखना.” मी मान डोलावली. त्याचा अर्थ मला सतरा वर्षांनी कळला.

२०२० च्या मार्चमध्ये सगळंच थांबलं. मग घरात एकामागून एक आजारपणं झाली आणि गाडी अकरा महिने जिन्याखाली उभी राहिली. वर चादर होती, चाकांत हवा होती, मला वाटलं सुखात आहे. पुढच्या फेब्रुवारीत बाहेर काढली. दहा-बारा किकमध्ये सुरूही झाली आणि मी त्याच सकाळी महूच्या पुढे निघालो. बडगोंदा ओलांडल्यावर आवाज बदलला. ओलसर, भरदार ‘डग-डग’ होतं त्याचं कोरडं, टणटणीत काहीतरी झालं. मी मान खाली घालून ऐकतोय तोवर इंजिन पकडलं, म्हणजे आतून जाम झालं, आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. टू-स्ट्रोकवाल्यांची दोन बोटं कायम क्लचवर असतात, त्या सवयीनं वाचलो. क्लच ओढला, गाडी लवंडत लवंडत कडेच्या मातीत गेली.

मिस्त्रीनं इंजिन उघडून एकेक भाग माझ्या हातात दिला. पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, पिवळट चिकट थर होता. पेट्रोल उडून जातं आणि मागे हा डिंक ठेवून जातं. टाकीत आतून गंज. क्रँकचे रबरी सील इतके कडक झालेले की नखानं चुरा पडावा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, दाबलं जातं, म्हणून ते घर हवाबंद लागतं. सील वाळला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, पातळ मिश्रण जास्त तापतं आणि पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा पडल्या होत्या, मांजरानं ओरबाडल्यासारख्या. तो पिस्टन मी ठेवलाय. कपाटात पुस्तकांसमोर असतो.

त्या दिवशी गाडी घरी आली ती एका पिकअपमधून. तो इंदूरला दूध घेऊन चालला होता. गाडी आडवी बांधायला जागा नव्हती, म्हणून कॅनांच्या मधे उभी केली आणि मी तिला धरून बसलो.

सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून रुंद करून, अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला, सील बदलले, टाकी आतून धुऊन घेतली. पैसे गेले त्याचं फार काही नाही. आपण वस्तू सांभाळतोय असं समजून तिला झाकून ठेवलं आणि झाकल्या जागी ती आतून संपत होती, हे मला लागलं. तेव्हापासून रविवार चुकवत नाही. ताप असला तर मुलगा जातो. हल्ली तर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला बाधतं, तेव्हा टाकीत पेट्रोल मुरू देणं आणखीच वाईट.

साडेपाचला उठतो. पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरचं टिकलर, म्हणजे त्यात पेट्रोल भरणारं छोटं बटण, दोनदा दाबायचं, बोटाला पेट्रोल लागलं की पुरे. येझदीची किक तुम्हाला उजवीकडे सापडणार नाही. डावीकडचा गिअरचा दांडाच तिची किक आहे. दांडा आत दाबायचा, मागे उभा फिरवायचा, की तो किक होतो. गाडी सुरू झाली की परत पुढे आणायचा, की गिअर. पेट्रोल पंपावर कुणी हौसेनं “मी सुरू करून बघू?” म्हणालं की मी हो म्हणतो. पोरगा उजवीकडे वाकून बघतो, मग गाडीला एक प्रदक्षिणा घालतो. दांडा कसा फिरतो हे दाखवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मला मनापासून आवडतं. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत हे तर बहुतेकांना सांगितल्यावरही खरं वाटत नाही.

थंडीत चौथ्या-पाचव्या किकला सुरू होते. दोन मिनिटं निळा धूर, मग आवाज बसतो. आवाजाची तक्रार असलेल्यांसाठी सांगतो, आता मी गाडी हातानं ढकलत चौकापर्यंत नेतो आणि तिथे किक मारतो.

राऊपर्यंत आग्रा-मुंबई रस्त्याची गर्दी असते, ती पार करायची इतकंच. महूत छावणीचे सरळ रस्ते आणि मोठी जुनी झाडं सुरू झाली की मी वेग कमी करतो. १८१८ मध्ये वसलेली ही छावणी, बाबासाहेबांचं जन्मगाव. १४ एप्रिलच्या आसपास इथे महाराष्ट्रातून आलेल्या लोकांचं मराठी सकाळी सहालाही कानावर पडतं. आपल्या इंदुरी मराठीहून ते वेगळं, करकरीत. पुढे बडगोंदा, गहू नाहीतर सोयाबीनची काळी शेतं, आणि मग एकाएकी माळवा संपतो. तिथे अहिल्याबाईंच्या काळातला दगडी दरवाजा उभा आहे, तेच जाम गेट. अलीकडे पठार, पलीकडे सगळं निमाड खाली पसरलेलं. घाट उतरून मंडलेश्वर, महेश्वरला जाता येतं, आणि उतरताना वळणागणिक हवा गरम होत जाते ती उघड्या हातांना स्पष्ट कळते. गाडीच्या काचा बंद करून जाणाऱ्याला हे कसं कळणार? पण मी बहुतेक वेळा दरवाज्याशीच थांबतो. जाऊन येऊन नव्वदेक किलोमीटर होतात. इंजिन पुरतं तापतं, बॅटरी चार्ज होते, टाकीतलं पेट्रोल बदलतं. गाडीला तेवढं पुरतं.

आणि तिथे बाकीच्या गाड्या येतात. माझ्या रविवारचा हा दुसरा भाग.

पावसाळ्यात दरवाज्यात ढग शिरलेले असताना मी एकदा कणीस खात उभा होतो. खालून घाटातून ट्रॅक्टरसारखा आवाज येऊ लागला. ट्रॅक्टर म्हणावा तर लयीत हलकेपणा होता. ढगातून आली ती बुलेट. डिझेल बुलेट! नव्वदच्या दशकात एनफिल्डनं ‘टॉरस’ नावानं ही काढली होती. ३२५ सीसीचं ग्रीव्हज लोम्बार्डिनीचं इंजिन, ताकद साडेसहा हॉर्सपॉवर. पळायची नाही, पण लिटरला सत्तरच्या पुढे जायची, म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांनी घेतली. उभी असताना तिचे आरसे असे थरथरतात की मागचं काही दिसत नाही. मालक खरगोनकडचा शेतकरी, मागे खताची गोणी बांधलेली. “शौक से रखी है?” मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. ती त्याची रोजची गाडी होती. मी तिथल्या तिथे त्याला चहा पाजला आणि अर्धा तास त्याच्या इंजिनाशी बसलो.

राजदूत ३५० वाला एक जण महूचाच आहे. १९८३ मध्ये ही गाडी आली तेव्हा बुलेट अठरा हॉर्सपॉवरची होती आणि ही दोन सिलिंडरांची तीसच्या वर. पेट्रोलच्या भुकेनं आणि महागड्या सुट्या भागांनी तिला लोकांनी नाकारलं, सात-आठ वर्षांत ती बंद झाली. आज तिच्या एका सायलेन्सरसाठी तो माणूस तीन राज्यांत चौकशी करतो. आणि मोठ्या नावांच्या गाड्यांइतकाच मी कायनेटिक होंडासाठीही थांबतो. लोकांना याचं नवल वाटतं. पण ती आपल्या पीथमपूरची आहे, इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर बनलेली. बटण दाबून सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर तिनंच आपल्याकडे घरोघर नेली. आमच्या भागातल्या कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा एकट्या बाहेर पडल्या त्या तिच्यावर. चांगल्या अवस्थेतली दिसली की मी मालकिणीला विचारून एकदा नीट बघून घेतो.

सगळ्यांत मला एकच बघायचं असतं, चालते का? प्रदर्शनात चकाकत्या क्रोमच्या गाड्या बघतो, कारागिराच्या हाताचं कौतुकही वाटतं, पण टायरवर माती नसेल तर माझा पाय लवकर निघतो. २०२१ मध्ये सरकारनं पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी काढली. वेगळी नंबर प्लेट, वीस हजार रुपये शुल्क. २०२९ मध्ये माझी येझदी त्यात बसेल आणि मित्र आत्तापासून मागे लागलेत. पण त्या नोंदणीची गाडी रस्त्यावर नेहमीसारखी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मला मान नको, रविवार हवा. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन साधी नोंदणीच वाढवून घेईन.

एक गोष्ट मात्र अजून कुणाला सांगितलेली नाही. महूत एका गल्लीतल्या अंगणात ताडपत्रीखाली स्कूटर दिसायची. वर्षभर येता-जाता बघत होतो. ताडपत्रीच्या फाटक्या कोपऱ्यातून लांबुडकं अंग दिसायचं, म्हणून लॅम्ब्रेटाच्या घराण्यातली असणार एवढं कळत होतं. दिवाळीनंतर एकदा धीर करून फाटक वाजवलं. सत्तरीच्या काकू बाहेर आल्या. “विकायची नाहीये हो,” मी तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या. मी म्हटलं, “विकत नकोच. काकू, ती सुरू करून देऊ का?”

विजय सुपर निघाली, लखनौच्या स्कूटर्स इंडियाची. इटलीतला लॅम्ब्रेटाचा कारखानाच विकत घेऊन आपल्या सरकारनं ती कंपनी काढली होती. काकूंचे यजमान गेल्यापासून, चौदा वर्षं, स्कूटर जागची हलली नव्हती. किक दगडासारखी. पॅनल काढलं, प्लग सोडवला आणि भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सिलिंडरमध्ये सोडलं. जोर लावायचा नाही, मुरू द्यायचं. पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. काकू दर वेळी पोहे करायच्या आणि ओट्यावर बसून बघायच्या, फार बोलायच्या नाहीत.

चौथ्या रविवारी मी किकवर नुसता हाताचा भार दिला. काही नाही. परत दिला. आत कुठेतरी बारीक ‘चर्र’ झालं आणि दांडा अर्धा इंच खाली गेला.

“हलली का हो भाऊ?” काकू ओट्यावरून उठल्या होत्या.

हलली. येत्या रविवारी कार्ब्युरेटर काढणार आहे.