अलवी लोकांची 'गुप्त पोथी' खरी की खोटी, आणि हे ठरवणार कोण

मार्च 2025 मध्ये सिरियाच्या किनारपट्टीवर अलवी लोकांची (शिया इस्लाममधनं निघालेला तिथला एक अल्पसंख्य पंथ) कत्तल झाली, हजाराहून जास्त माणसं मेली, त्यात साधी घरात बसलेली माणसंच जास्त. त्यानंतर आमच्या पंचवटीतल्या कट्ट्याच्या ग्रुपवर एकाने एक पीडीएफ टाकली, वर लिहिलेलं की हे बघा या लोकांचं खरं कुराण, सोळा सूरांचं (म्हणजे अध्यायांचं), अलीला, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या जावयाला, देव मानतात वगैरे. टाकणाऱ्याला अलवी म्हणजे काय हे आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं (मलाही फारसं नव्हतं, पण मला खाज असते). मग मी वाचत सुटलो, आणि त्या पोथीपेक्षा ती बाहेर कशी आली हीच गोष्ट जास्त भारी निघाली.

त्या पोथीचं नाव किताब अल-मजमू. ती जगाला कळली सुलेमान अल-अधानी नावाच्या माणसामुळे. हा अंताक्याचा, 1830 च्या दशकातला जन्म, नुसैरी घरातला. अलवींना तेव्हा नुसैरीच म्हणायचे, नवव्या शतकातल्या इब्न नुसैर या त्यांच्या मूळ गुरूवरून. वयात आल्यावर याला रीतसर पंथाची दीक्षा मिळाली. मग याचं मन उडालं आणि गडी आधी ज्यू झाला, मग सुन्नी मुसलमान, मग ग्रीक ऑर्थोडॉक्स, शेवटी अमेरिकन मिशनऱ्यांकडे जाऊन प्रोटेस्टंट. 1860 च्या दशकात बैरूतमध्ये त्याने 'अल-बाकूरा अल-सुलेमानिया' नावाचं पुस्तक छापलं आणि त्यात सगळं फोडलं. सोळा सूरा, सण, गाणी, आणि शेवटी या सगळ्याचं स्वतःच केलेलं खंडन पण. थोड्याच वर्षांत एडवर्ड सॅलिसबरी या अमेरिकन अभ्यासकाने त्याचे उतारे इंग्रजीत आणले. पुढे सुलेमानला त्याच्याच लोकांनी गोड बोलून परत बोलावलं आणि मारलं असं सांगतात.

दीक्षेचा भाग वाचताना तर मी दोनदा मागे गेलो. तो सांगतो की जमलेल्या लोकांच्या चपला त्याच्या डोक्यावर ठेवल्या, वाइनचा प्याला दिला आणि ऐन-मीम-सीन ही तीन अक्षरं रोज पाचशे वेळा म्हणायला सांगितली. ऐन म्हणजे अली, मीम म्हणजे मुहम्मद, सीन म्हणजे सलमान फारसी, पैगंबरांचा इराणी सोबती. अली हा गाभ्यातला अर्थ, मुहम्मद ते नाव, आणि सलमान तिथं पोचवणारं दार, अशी ती मांडणी आहे. पुढच्या पायरीला जामीनदार लागतात, एक नाही तर बारा, आणि त्या बाराजणांसाठी परत आणखी दोन! आपल्याकडे पतपेढीचं कर्ज पण एवढ्या जामिनांवर अडत नाही.

आता प्रश्न असा, की पंथ सोडून गेलेला, चिडलेला माणूस, मिशनऱ्यांच्या आसऱ्याने पुस्तक काढतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का? अलवींमधले बरेच लोक सरळ म्हणतात की हे बनावट आहे, आमचा ग्रंथ कुराण, विषय संपला. 1973 मध्ये ऐंशी अलवी शेखांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तसं जाहीर निवेदनच काढलं. त्यामागे राजकारण होतंच, राष्ट्राध्यक्ष मुसलमानच पाहिजे या मुद्द्यावरनं सिरियात दंगे पेटले होते आणि तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हाफिज असद स्वतः अलवी. पण म्हणून ते निवेदन निव्वळ नाटक होतं असं मी तरी म्हणणार नाही. ज्यांना सहाशे-सातशे वर्षं कुणी ना कुणी काफिर म्हणत आलंय (इब्न तैमिया या मध्ययुगीन सुन्नी पंडिताने तर फतव्यात यांची आणि करमती नावाच्या दुसऱ्याच एका बंडखोर शिया पंथाची सरळ खिचडी केली होती), ते आम्ही मुसलमान आहोत म्हणाले तर त्याला काहीतरी वजन आहे ना.

दुसऱ्या बाजूने मजमू अगदीच हवेतनं पडलेली नाही. सॅम्युएल लाइड नावाचा इंग्रज पाद्री सिरियाच्या किनाऱ्यावरच्या लताकिया शहराजवळच्या डोंगरात या लोकांमध्ये राहिला, त्याला शेखांच्या वापरातली एक हस्तलिखित पोथी एका ख्रिस्ती व्यापाऱ्याकडनं विकत मिळाली आणि 1860 मध्ये त्याचं पुस्तक आलं, म्हणजे सुलेमानच्या आधीच. बैरूतच्या प्रशियन वकिलातीतला दुभाष्या कातफागोही त्याच्याही आधीपासून यांच्या पोथ्यांवर लिहीत होता. वेगवेगळ्या हातांतनं बाहेर पडलेल्या कागदांत त्याच कल्पना परत परत दिसतात. त्यामुळे सुलेमानने सगळं घरी बसून रचलं हे मला पटत नाही. तिखटमीठ लावलं असेल, ते वेगळं.

इथं मला आमच्या आजीची आठवण येते. आजी महानुभाव पंथाची, उपदेश घेतलेली. तिच्याकडची पोथी बासनात बांधून फडताळात वर ठेवलेली असायची, हात धुतल्याशिवाय शिवायची नाही, आणि आम्ही पोरं मागायला गेलो की आधी उपदेश घे मग वाच. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी असल्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले होते, अक्षरांची अदलाबदल करून, त्यामुळे शेकडो वर्षं बाहेरच्याला काही कळायचं नाही, आणि कळत नाही म्हटलं की लोक वाट्टेल ते बोलतात, तसं यांच्याबद्दलही बोलले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे या मंडळींनी ते साहित्य उजेडात आणलं आणि पंथातल्या काही महंतांनीच त्यांना मदत केली. हा फरक मला मोठा वाटतो. आपल्याकडे दार आतनं उघडलं गेलं, तिकडे पळून गेलेल्याने भिंत फोडली. आणि दार आतनं उघडलं तरी भांडण मिटतंच असं नाही बरं का. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली, मग शिष्यांनी आठवून आठवून परत लिहिलं, पाठभेद झाले, आणि खरा पाठ कुठला यावर आजही लोक तावातावाने बोलतात.

अलवींच्या बाबतीत अजून एक मजेदार भानगड आहे, 'किताब अल-हफ्त'. शियांचे सहावे इमाम जाफर सादिक आणि त्यांचा शिष्य मुफद्दल यांच्यातला संवाद असा त्याचा थाट. 1960 मध्ये बैरूतला आरिफ तामिरने एका साथीदाराबरोबर तो छापला, 1964 मध्ये मुस्तफा गालिबने परत छापला. हे दोघेही सिरियातले इस्माइली (शियांचाच दुसरा एक पंथ), आणि त्यांनी हा ग्रंथ इस्माइलींचाच धरला कारण हस्तलिखितं त्यांच्याकडच्या लोकांत सापडली होती. नंतर अभ्यासकांनी बघितलं तर आतला माल इराकमधल्या कूफ्याच्या जुन्या टोकाच्या शिया गटांचा, जो नुसैरींनी जपला, आणि तोही एका हाताचा नाही, थरावर थर चढलेले. म्हणजे ज्याच्या कपाटात सापडली त्याची पोथी हे गणित पण चुकतं.

2006 पासून लेबनॉनमधनं 'अलवी वारसा' नावाने जुन्या ग्रंथांची एक मोठी मालिकाच निघाली, संपादक अबू मूसा आणि शेख मूसा, दोन्ही टोपणनावं. आज अभ्यासक हीच मालिका वापरतात, दुसरा इलाजच नाही, पण कुठली प्रत, कुणाकडनं आणली, काय गाळलं, हे विचारायला संपादक दिसला तर पाहिजे!

माझं मत सांगायचं तर पोथी जुनी असणं आणि ती आजच्या लोकांची श्रद्धा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलवींमध्ये गूढ ज्ञान फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांना मिळतं, बायकांना नाही, सगळ्या पुरुषांनाही नाही. म्हणजे लताकियातल्या एखाद्या बाईच्या डोक्यावर जी पोथी मारली जाते ती तिने बघितलेलीच नाही, तिला कधी दाखवलीच जाणार नव्हती. ग्रुपवर मी हेच लिहिलं, जरा लांबलं. पीडीएफ टाकणाऱ्याने अंगठा दाखवला आणि खाली सिंहस्थाच्या पार्किंगवरचं भांडण परत सुरू झालं.