राजमाचीचे काजवे बघा, पण कोंडाण्याच्या वाटेनं चढू नका

काजवे दिसले, भरपूर दिसले, हे आधीच सांगून टाकतो. राजमाचीच्या काजव्यांवर लिहिणारे मेअखेरीस पैशाला पासरी मिळतात. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांपासून राजमाची किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंतच्या चढावर अंगावर काय काय चढतं, ते मात्र कोणी सांगत नाही. ज्या आयोजकाकडे आम्ही माणशी 1,600 रुपये भरले त्यानंही सांगितलं नाही. उलट "वर वारा असतो सर, डास औषधालाही सापडायचा नाही" असं छातीठोकपणे म्हणाला आणि कर्जत स्टेशनवर प्रत्येकाच्या हातात एकेक काळा कुळकुळीत टीशर्ट ठेवला. पॅकेजमध्ये होता म्हणे.

तो टीशर्ट घालू नका, फरशी पुसायला ठेवा. गोमाशी गडद आणि हलणाऱ्या गोष्टीवर धावते. पायथ्याचं कोंडिवडं गाव सोडून ओढ्याच्या कडेनं निघालो तशी पहिली पाठीवर बसली आणि टीशर्टातून चावली. ती डासासारखी टोचत नाही, कातडी कापते. रक्ताचा थेंब येतो आणि मग गांधी उठते. फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट हाच त्यावर उपाय, बाकी क्रीमं वगैरे तिच्यापुढे फुकट. चिलटं चावत नाहीत, पण डोळ्यांतल्या ओलाव्यासाठी जीव काढतात. साधा गॉगल लावा आणि चालत राहा. थांबलात की आलीच.

लेण्यांच्या वर कड्याला आग्या मोहोळं लटकलेली होती. खाली उभं राहून नीट पाहिलं तर मोहोळावरून एक चकाकती लाट सरकताना दिसते. हजारो माश्या एकामागून एक पोट वर उचलतात, तो शत्रूला दिलेला इशारा असतो. आमच्या पुढच्या ग्रुपमधल्या एका महाभागानं नेमकं तिथेच डिओ फवारला आणि दुसऱ्यानं सिगारेट काढली. बरोबर आलेला गावातला पोरगा त्यांच्यावर असा खेकसला की दोघंही गप्प. निभावलं. तीव्र वास, धूर, आरडाओरडा यांतलं काहीही तिथे नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून, हात न झाडता, सरळ पळत सुटायचं. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा रुतला तर नखानं असो की कार्डानं, ताबडतोब काढा. एकीनं डंख मारला की त्या वासावर बाकीच्या येतात.

आता मुख्य तक्रार. लेणी सोडल्यावर खडी चढण लागते. वारा शून्य, दगड तापलेले आणि मध्येच एक सपाट, गर्द सावलीचा टप्पा. घामाघूम झालेला माणूस तिथे बसणार नाही तर काय करणार? आयोजकाचा माणूसच म्हणाला, "पंधरा मिनिटं ब्रेक." गुरंसुद्धा तिथेच बसतात हे शेणावरून कळत होतं. पाच-सात मिनिटांत पँटच्या घडीवर नाचणीचं पीठ सांडल्यासारखं काही दिसलं. बोट लावलं तर ते पीठ चालत होतं.

पिसवा. म्हणजे उड्या मारणाऱ्या पिसवा नव्हेत, गोचिडीची पिल्लं. सुक्या गवताच्या टोकाला झुबक्यानं बसून असतात, पाय घासला की अख्खा झुबका चढतो. त्या वेळी काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मोज्याच्या इलॅस्टिकखाली आणि पट्ट्याच्या रेषेवर लाल पुरळ उठतं आणि मग दोन-तीन आठवडे रात्रीची झोप विसरा. हे लिहितानाही खाजवतोय.

म्हणून स्पष्ट सांगतो. पँट मोज्यात खोचा, कसंही दिसू दे. सावलीत बसू नका, उघड्या कातळावर बसा. चिकटपट्टीचं एक रीळ सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. कपड्यावर, पायावर चिकटवून ओढली की पिसवा पटकन निघतात. मोठी गोचीड लागली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. काडी पेटवून चटका देणं किंवा तेल ओतणं हे जुने उद्योग करू नका. घरी गेल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि सॅक कडक उन्हात. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे काजूच्या बागेत जाणारे अंगाला डीएमपी नावाचं गोचीड दूर ठेवणारं तेल चोळतात. 2016 पासून तिथे माकडतापाची साथ येते आणि तो गोचिडीमुळेच पसरतो. कुठल्याही जंगलातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

वर वारा होता का? साडेसातपर्यंत होता. मग पडला आणि डासांनी ताबा घेतला. त्याच आयोजकाच्या तंबूत कॉइलचा पुडा चौपट किमतीला विकायला तयार होता, म्हणजे डास असतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरून ओडोमॉस न्या. घामानं निघून जातं, तेव्हा दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. सिट्रोनेलाच्या महागड्या पट्ट्या मनगटावर बांधून फिरणारे सगळ्यांत जास्त फोडले गेले. आम्ही शेवटी ज्यांच्या ओसरीवर झोपलो त्या आजींनी करंजाचं तेल दिलं. वास भयंकर, पण झोप लागली. काजव्यांच्या झाडाखाली मात्र कॉइल किंवा स्प्रे नको. त्या विषाला डास आणि काजवा यांतला फरक कळत नाही. टॉर्चही बंद.

राजमाचीचे श्रीवर्धन, मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहिले. छान आहेत.

जायचंच असेल तर लोणावळ्याकडून तुंगार्लीमार्गे या. वाट लांब आणि कंटाळवाणी आहे, पण रुंद आहे, त्यामुळे गवतात पाय घालावा लागत नाही. मुक्कामासाठी उधेवाडीत कोणाच्याही घरी आधी फोन करून ठेवा. पिठलं-भाकरी, ओसरी आणि मच्छरदाणी मिळेल का, एवढंच विचारा. मच्छरदाणीचा प्रश्न टाळला तर दुसरं घर बघा.