बत्तीर ते जेरुसलेम: सात किलोमीटर आणि अख्खी संध्याकाळ

वेस्ट बँकेतल्या, बेथलेहेमजवळच्या बत्तीर गावातून जेरुसलेमच्या मल्हा भागापर्यंत फोनमधला नकाशा सहा-सात किलोमीटर अंतर दाखवतो. रुळांच्या कडेकडेने, जवळजवळ सपाट, दीड तासाची चाल. या दीड तासावर विसंबून पुढचा काही बेत आखू नका. मी दुपारी निघालो आणि जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजाला उतरलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता, आणि उतरलो तेही वेगळ्याच दिशेने येऊन.

हा प्रवास मार्च २०२३ मधला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमास हल्ल्यानंतर वेस्ट बँकेत नाके आणि रस्त्यांवरची लोखंडी फाटकं खूप वाढली आहेत. सध्या जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. निवळल्यावर गेलात तर वेळ दुपटीने धरा.

सिंहगड पाठीवर सॅक घेऊन न थांबता चढत असाल तर तब्येतीचं काही सांगायची गरज नाही. बूट चांगल्या पकडीचे, पाणी तीन लिटर. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विमानतळावर पासपोर्टवर शिक्का न मारता हातात देतात ती छोटी निळी चिठ्ठी. ती पासपोर्टातच ठेवा, हॉटेलच्या खोलीत नको. नाक्यावर तीच मागतात.

माझा मुक्काम इस्रायलमधल्या लोदला, मित्राच्या मावशींकडे. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायली, घरात अजून मराठी. त्यांनी गाडीने जेरुसलेमपर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "इथून पुढं तू आणि तुझं नशीब. मला तिकडं यायला कायद्यानं बंदी आहे." ते खरंच आहे. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारानंतर वेस्ट बँकेचे तीन तुकडे झाले. 'अ' भाग, म्हणजे बेथलेहेमसारखी शहरं, साधारण १८ टक्के, पॅलेस्टिनी प्रशासनाकडे. 'ब' साधारण २२ टक्के, तिथे नागरी कारभार पॅलेस्टिनींचा पण सुरक्षा इस्रायलच्या हातात. उरलेला ६० टक्के 'क', पूर्ण इस्रायली ताब्यात. 'अ' च्या तोंडाशी मोठी लाल पाटी असते: इस्रायली नागरिकांना प्रवेश नाही, जिवाला धोका. 'ब' आणि 'क' च्या मध्ये मात्र काहीच नसतं. चालता चालता तुम्ही कुठल्या अक्षरात आहात हे तुम्हाला कळत नाही. गावकऱ्यांना पावलागणिक माहीत असतं, कारण 'क' मध्ये गोठ्यावर पत्रा टाकायलाही इस्रायली लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो आणि तो सहसा मिळत नाही.

बेथलेहेम, चर्च, बाजार: छान आहे, सगळ्यांनी लिहिलंय, मी वेळ घालवत नाही.

तिथून टॅक्सीने नहालीनजवळच्या नस्सार कुटुंबाच्या शेतावर जा. 'टेंट ऑफ नेशन्स' म्हणून ओळखलं जातं. आधी कळवून जावं. डांबरी रस्ता सोडून वळलं की वाटेत मोठाले धोंडे टाकून रस्ता बंद केलेला आहे. फोनमधल्या नकाशाला तेही ठाऊक नाही. धोंड्यांवरून चढून पुढे पायी. फाटकापाशी दगडावर लिहिलंय, 'आम्ही शत्रू व्हायला नकार देतो'. चारी अंगांनी टेकड्यांवर इस्रायली वसाहती, मधोमध हे द्राक्षांचं आणि ऑलिव्हचं शेत. ग्रिडची वीज नाही, नळाचं पाणी नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, सौर पॅनल लावलेत, आणि परवान्याशिवाय वर बांधता येत नाही म्हणून जमिनीखालच्या गुहाच खोल्या म्हणून वापरतात.

ही जमीन कुटुंबाने १९१६ मध्ये घेतली आणि रीतसर नोंदवली. तुर्कांच्या काळापासूनचे कागद त्यांच्याकडे आहेत. तरी १९९१ मध्ये ती 'सरकारी जमीन' म्हणून जाहीर झाली आणि तेव्हापासून खटला चालू आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलं की निदान भांडायला पाया असतो. इथे बहुतेकांकडे तेवढंही नाही, आणि त्याचं कारण जुनं आहे. १८५८ च्या ऑटोमन, म्हणजे तुर्की, जमीन कायद्यानुसार बऱ्याच शेतजमिनीवर कसणाऱ्याचा हक्क, पण सलग तीन वर्षं पडीक ठेवली तर ती सरकारजमा होऊ शकते. कर आणि सैन्यभरती चुकवायला अनेकांनी कमी क्षेत्र नोंदवलं किंवा नोंदवलंच नाही. १९६७ पर्यंत हा प्रदेश जॉर्डनकडे होता; त्यांनी नोंदणी सुरू केली होती, तोवर जेमतेम एक तृतीयांश भाग झाला. १९६८ मध्ये इस्रायलने ती थांबवली. मग १९७९ मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात इस्रायली सर्वोच्च न्यायालयाने, सुरक्षेचं कारण पुढे करून खाजगी जमिनीवर वसाहत बसवायला चाप लावला. सरकारने तोच जुना तुर्की कायदा बाहेर काढला: नोंद नाही, नांगर नाही, म्हणजे जमीन सरकारची. म्हणून इथे माणसं पीक परवडो न परवडो, नांगरतातच. (भाव ऐकताना 'दुनम' ऐकू येईल. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले साधारण दहा गुंठे.)

परतल्यावर हे मावशींना सांगितलं तर त्या उसळल्या. "कफर एत्झिओनची जमीन आमच्या लोकांनी पैसे मोजून घेतली होती. अठ्ठेचाळीसला तिथली माणसं शरण आल्यावर मारली. तेही लिही." लिहिलं. कफर एत्झिओन ही याच टेकड्यांतली ज्यू वस्ती, १३ मे १९४८ ची घटना, आणि सप्टेंबर १९६७ मध्ये तिथे पुन्हा वस्ती झाली. पण हिशेब दोन्ही बाजूंना सारखा नाही, हेही लिहितो. १९७० च्या इस्रायली कायद्याने ज्यूंना पूर्व जेरुसलेममधली १९४८ पूर्वीची मालमत्ता परत मागता येते. तिथल्या शेख जर्राह मोहल्ल्यातले खटले त्यातूनच उभे राहिले. पॅलेस्टिनींना पश्चिम जेरुसलेममधली मागता येत नाही, तिथे १९५० चा 'गैरहजर मालकां'चा कायदा आडवा येतो. ज्या मल्हाकडे मला चालत जायचं होतं ते १९४८ पर्यंत अल-मालिहा नावाचं पॅलेस्टिनी गाव होतं. आता तिथे मॉल आहे.

आता चाल. बेथलेहेमला लागून असलेल्या बेत जालाच्या बाजूने मखरूर दरीत उतरून बत्तीरला निघतात. 'सहकुटुंब जाता येईल अशी सोपी वाट' असं जिथे तिथे वाचलं होतं. ज्याने लिहिलं त्याने एक तर कुटुंब नेलं नसावं, नाही तर वाट बघितली नसावी. वाट पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून जाते, दगडी बांध जागोजाग ढासळलेत, खुणा अर्ध्यात गायब. सुटे दगड आणि त्यावर ओला पाला, घोटा मुरगळायला एवढं पुरे. बांधावर चढू नका, तो कुणाच्या तरी दिवसभराच्या घामाचा असतो. बदाम फुललेले होते, दरी सुंदर होती, पण माझं लक्ष पायाखालीच.

बत्तीरमध्ये मात्र थांबाच. झऱ्याचं पाणी रोमन काळापासूनच्या हौदात पडतं आणि तिथून पाटांनी शेतात जातं. आठ कुळांत पाळीपाळीने वाटप, एकेकाला एकेक दिवस, म्हणून गावाचा आठवडा आठ दिवसांचा. खाचा पाडलेली काठी हौदात बुडवून पाणी मोजायची पद्धत. वांगी इथली प्रसिद्ध. खाली दरीत १८९२ ची याफा-जेरुसलेम रेल्वे. १९४९ च्या युद्धबंदीत हिरवी रेषा, म्हणजे इस्रायल आणि वेस्ट बँकेमधली हद्द, या रुळांपाशीच आली. गाडीला धक्का लावायचा नाही, बदल्यात रुळांपलीकडची शेतं गावकऱ्यांनी कसत राहायची, असा तोडगा निघाला. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं आणि इस्रायल वेस्ट बँकेभोवती उभारत असलेली भिंत २०१५ मध्ये न्यायालयाने इथे अडवली. म्हणून रुळांपाशी भिंत नाही.

आणि याच 'भिंत नाही' वर मी चालत जायचं ठरवलं होतं. हौदाजवळ पाट उघडत बसलेल्या आजोबांना मल्हाकडे हात करून विचारलं. त्यांनी फावडं खाली ठेवलं, माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, आम्ही शेतापर्यंत जातो, पुढे सैनिक. तुझी सॅक बघून आधी बंदूक रोखतील, पासपोर्ट नंतर बघतील. हा सल्ला तंतोतंत पाळा. रुळांवरून जाऊ नका, कुणी सोबत येतो म्हटलं तरी.

मग उलट फिरायचं. गावातल्या टॅक्सीवाल्याने बेथलेहेमपर्यंत दीडशे शेकेल सांगितले, 'बस नाही, आज शुक्रवार' म्हणून. अर्ध्या तासाने सामायिक व्हॅन आली, तिने फुटकळ पैशांत सोडलं. बेथलेहेममध्ये बाब अज़-ज़काक चौकातून २३१ नंबरची बस पकडा. बोगद्याजवळच्या नाक्यावर ती थांबते. जेरुसलेमचं निळं ओळखपत्र असलेले तरुण खाली उतरून रांग लावतात, म्हातारे आणि परदेशी आत बसतात, सैनिक चढून कागद बघतात. माझ्या शेजारचा पोरगा दप्तर सीटवर ठेवून उतरला, मोजे-चप्पल घालून थंडीत उभा. त्या दिवशी रांग हलेच ना. वेस्ट बँकेचं हिरवं ओळखपत्र असलेल्यांना या बसचा उपयोग नाही. परवाना असला तरी त्यांना बेथलेहेमजवळच्या ३०० क्रमांकाच्या नाक्याच्या फिरत्या फाटकांतूनच जावं लागतं. ऑक्टोबर २०२३ पूर्वी त्या नाक्यावर पहाटे कामगारांची झुंबड असायची; पुन्हा तशी असेल तर त्या वेळी तुम्ही जाऊ नका. त्यांचा रोज बुडेल.

पुढे हेब्रॉन शहराला जाणार असाल तर शुक्रवार टाळा. तिथली इब्राहिमी मशीद मुसलमान आणि ज्यू दोघांचंही पूजास्थान, तिची दारं सणांच्या दिवशी फक्त एकाच धर्मासाठी उघडी असतात, तेव्हा दोन्ही पंचांगं आधी बघा. जुन्या बाजारावर वरच्या इस्रायली वस्तीतून पडणारा कचरा अडवायला जाळी आहे, मान वर करून बघा आणि पुढे चला.

टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा, अंकांत, फोनवर टाइप करून. 'गाडीचे' की 'माणशी', आणि 'एकेरी' की 'जाऊन-येऊन', दोन्ही विचारा. धोंड्यांपाशी माझ्या टॅक्सीवाल्याला थांबायचेही पैसे हवे होते, आणि ते त्याने परतीच्या अर्ध्या वाटेत सांगितलं.