स्नोडनची जखम: 'कॅच-२२' मधलं खरं आणि रचलेलं

'कॅच-२२' या युद्धकादंबरीचा नायक योसारिअन म्हणजे खुद्द तिचा लेखक जोसेफ हेलर, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, हेलर कॉर्सिका बेटावरच्या तळावरून बी-२५ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानात बॉम्बार्डियर (नेम धरून बॉम्ब टाकणारा) म्हणून उडत होता आणि त्याने ६० मोहिमा पूर्ण केल्या. उडायला नकार देणारा योसारिअन त्याने पुढे घडवला. अनुभवातून त्याने नेमकं काय उचललं, हे कादंबरीतल्या स्नोडन या गनरच्या (विमानातल्या मशीनगनवाल्याच्या) प्रसंगात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

ऑगस्ट १९४४, फ्रान्समधलं अविन्यॉ, हेलरची ३७वी मोहीम. घाबरलेल्या सहवैमानिकाने कंट्रोल हिसकावले आणि विमान खाली झेपावलं. पुढच्या काचेच्या टोकात बसलेला हेलर छताला चिकटला. हेडफोनची पिन निसटली होती, त्यामुळे सगळं एकदम निःशब्द. पिन पुन्हा बसवल्यावर रडवेला आवाज आला: बॉम्बार्डियर उत्तर देत नाही. तो ठीक होता. लागलं होतं मागच्या गनरला, मांडीत. हेलरने मलमपट्टी केली, मॉर्फिन टोचलं. गनर वाचला.

कादंबरीत इथपर्यंत जवळपास हेच आहे. योसारिअनही स्नोडनची मांडीच बांधतो, अगदी मन लावून. पण मॉर्फिनच्या बारा नळ्या गायब, त्यांच्या जागी सैन्याचा माल विकून धंदा करणाऱ्या मायलो या अधिकाऱ्याच्या कंपनीची चिठ्ठी. आणि जीवघेणी जखम मांडीवर नाहीच, ती संरक्षक जाकिटाच्या आत आहे. स्नोडन 'थंडी वाजतेय' म्हणत राहतो आणि मरतो. हेलरने खऱ्या जखमेला हात लावला नाही, तिच्याआड दुसरी लपवली. मला हा बदल थोर वाटतो, कारण योसारिअनचं कौशल्य तसंच राहतं आणि तरी निरुपयोगी ठरतं.

हा प्रसंग सुरुवातीपासून तुकड्यातुकड्यांत डोकावतो, उलगडतो मात्र ४२ पैकी ४१व्या प्रकरणात. घाईने वाचणाऱ्यांना आधीचे तुकडे नुसती पुनरुक्ती वाटतात. दुसऱ्या वाचनात फक्त तेवढेच शोधून सलग वाचावेत. दर खेपेला एखादाच तपशील वाढतो.

कादंबरीत सैनिकांना पुन्हापुन्हा देशनिष्ठेच्या शपथा घ्यायला लावतात, तो खेळ मात्र कॉर्सिकातला नव्हे. हेलर १९५३च्या सुमारास लिहायला बसला, पुस्तक १९६१ साली आलं. त्या शपथा मधल्या मॅकार्थी काळातल्या, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना छळणाऱ्या, अमेरिकेच्या आहेत.

उलट, योसारिअनला ज्याची धास्ती वाटते ते विमानातलं अरुंद भुयार खरंखुरं होतं. बी-२५ मध्ये पुढच्या टोकातून मागे यायचं तर वैमानिकांच्या खालून रांगत यावं लागे.