धरलंस नि सोडलंस?

आज दुपारी मिल्टन कीन्समध्ये ग्रँड युनियन कालव्यावर मासे गरवायला गेलो होतो. लंडन ते बर्मिंगहॅम जवळपास २२० किलोमीटरचा हा कालवा. एकेकाळी इथून कोळसा जायचा, आता ताशी चार मैलांच्या वर न जाणाऱ्या लांबुडक्या होड्या. एक गेली की गरीच्या दोरीवरचा तरंगा डुचमळतो, पाणी गढूळ होतं, मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. मला तीच पाच मिनिटं आवडतात.

आमिष म्हणून जिवंत अळ्या. फ्रिजमध्ये ठेवायला घरून सक्त मनाई, त्यामुळे डबा गॅरेजमध्ये. (झाकण एकदा नीट लागलं नव्हतं. तो विषय नको.)

तीन तासांत चार रोच, लाल डोळ्यांचे, तळहाताएवढे, आणि एक पट्टेदार पर्च. पर्च धरताना पाठीवरचा काटेरी पंख आधी चापून बसवायचा, नाहीतर हात रक्ताळतो. आज रक्ताळलाच. इथे सामन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातल्या बाकी माशांना 'कोर्स फिश' म्हणतात. खायचे नाहीत, ओल्या हाताने गरी काढून परत पाण्यात सोडायचे. आणि एवढ्यासाठी सरकारी परवाना, वर क्लबचं तिकीट!

संध्याकाळी मालवणला आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

"धरलंस नि सोडलंस? मगे गेललंस कित्याक?"

काय सांगणार? म्हटलं, बसायला.